गुठळी निघाल्यावर

१५ सप्टेंबर २००९

यांनी उजवा हात उचलला! माझ्यासमोर! काल हाच हात नुसता लोंबत होता म्हणे.

नीट लिहिते. काल हे मुंबईला एस.टी.च्या तपासणीला गेले होते — ड्रायव्हर लोकांचे डोळे, रक्तदाब तपासतात ती. रांगेत उभ्या उभ्या कोसळले. तोंड वाकडं, बोलणं बंद, उजवी बाजू गेलेली. सोबत यांच्या गाडीचा कंडक्टर, धर्मा. त्यानेच टॅक्सीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे म्हणाले, मेंदूच्या नसेत गुठळी अडकलीय, तार घालून ओढून काढतो, सही कोण करणार? मी तर गावी, टोकावड्यात! धर्माने केली. नात्याच्या जागी ‘भाऊ’ लिहिलं. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

१६ सप्टेंबर

डॉक्टरबाईंनी गुठळी दाखवली. काचेच्या बाटलीत. काळपट लाल, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. एवढीशी! माळशेज घाटातलं वळण न् वळण पाठ असलेला माणूस हिने आडवा पाडला.

जांघेतून तार घातली. ती पोटातून, छातीतून, मानेतून पार मेंदूत! टोकाला पीळ, त्यात गुठळी धरली आणि मागे ओढली. डोक्याला एक टाका नाही. मी यांच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले.

"मुंबईत पडले हे नशीब," बाई म्हणाल्या. "गावी पडले असते तर इथवर येण्यातच वेळ गेला असता." मला घाट दिसला — भरलेली गाडी, खाली दरी. पुढचा विचारच करवेना.

१७ सप्टेंबर

बोलले! आधी "पाणी". मग, "वंदना, पोरीला कुणाकडं ठेवलीस?" जीभ जड, पण शब्द बरोबर. समीक्षा शेजारच्या लहानीकाकूंकडे आहे, सांगितलं. लेक आठवली यांना! बाहेर जाऊन रडून घेतलं.

१८ सप्टेंबर

बाहेरच्या बाकावर गीताबाई भेटल्या. आसनगावजवळच्या. त्यांच्या नवऱ्याची, जयरामभाऊंची गुठळीही तशीच तारेने काढली. ते सकाळी एकटेच शेतावर गेले होते, बांधावर पडलेले दुपारी सापडले. अजून डोळे उघडत नाहीत.

"तुमचं बोलतात?" गीताबाईंनी विचारलं.

हो म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ सप्टेंबर

आज न राहवून डॉक्टरबाईंना विचारलं — तार तीच, हात तेच, मग एक उठला आणि एक नाही, असं कसं?

"नस दोघांचीही उघडली," त्या म्हणाल्या. "जयरामभाऊंची तर जास्त चांगली उघडली. पण रक्त पोचेपर्यंत आतला बराच भाग मेला होता. गुठळी काढता येते, वंदनाताई. मेलेलं परत आणता येत नाही."

थांबून म्हणाल्या, "कोण उठेल ते गुठळी काढताना आम्हालाही कळत नसतं."

एवढी विद्या हाताशी आणि तरी असं सरळ सांगणं! मला त्या आणखीच मोठ्या वाटल्या.

२६ सप्टेंबर

घरी सोडलं. निघताना हे जयरामभाऊंच्या खाटेपाशी गेले. "जयरामभाऊ, आमी निघालो. तुमी पण या मागून." त्यांची छाती तेवढी वरखाली होत होती. गीताबाई माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं गो बाय तुझं." आवाजात जरासुद्धा काटा नव्हता. कुठून आणतात माणसं एवढं मन?

८ नोव्हेंबर

भात झोडायला हे स्वतः खळ्यात उतरले. मी ओरडले. ऐकतात कुठे!

१५ डिसेंबर

तीन महिन्यांची तपासणी. बटणं लावता येतात? जेवता येतं? एकटे फिरता? सगळ्याला हो. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "शून्य!" त्यांच्या मापात शून्य सगळ्यात चांगलं — मागे काहीही त्रास उरलेला नाही.

"शून्य मार्क मिळाले नि बाई खूश!" हे म्हणाले. मी पोट धरून हसले. किती महिन्यांनी!

बस मात्र आता चालवायची नाही. डेपोत बसून काम देणार आहेत. परतताना मुरबाड येईपर्यंत हे खिडकीतून रस्ता बघत होते. मग म्हणाले, "घाट दुसरा कोणतरी चढवील."

२७ डिसेंबर

दुपारी गीताबाई आल्या. एकट्याच. कपाळ मोकळं. जयरामभाऊ गेले त्याला पंधरा दिवस झाले म्हणाल्या. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.

पाणी प्यायल्या. चहा नको म्हणाल्या. मग यांच्याकडे बघून, "भाऊ, जरा चालून दाखवता?"

हे उठले. ओटीवरून उतरून अंगणाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. गीताबाई पापणी न लववता बघत होत्या.

"आणिक एकदा," म्हणाल्या.

हे पुन्हा चालले.