मागं बोकड बसला तर हवा किती?

सोरेगाव, सोलापूर
रविवार

ती. हरिबामामांना सुकन्याचा वाकून नमस्कार.

मामा, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बोकड बांधला तर गाडीवर माणूस एक धरायचा की दोन? उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्या गाडीच्या साखळीच्या झाकणावर हवेचा तक्ता चिकटवलेला आहे. मागच्या चाकात एकट्यासाठी अठ्ठावीस, मागं कुणी बसलं तर छत्तीस. बोकडाचं त्यात काही दिलेलं नाही. बाजाराच्या दिवशी आण्णा चाकाजवळ उभे राहून मला विचारतात आणि मी विज्ञानाची पदवीधर (घरातली पहिली, हे तुमच्या हॉटेलात चहाला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांनाही आता पाठ झालं आहे म्हणे) त्या बोकडाकडे नुसती बघत राहते.

मामींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतात, की मी फोन केला की तेवढ्यापुरता करतात? आमच्याकडे आई खुशाल, मेंढरं खुशाल, आण्णा तुम्हाला माहीत आहेत तसेच. नाजूक प्रकृती घरात एकाचीच, गाडीच्या मागच्या चाकाची. ती कशी बिघडली ते सविस्तर लिहिते, कारण त्यात तुमचं काम आहे.

मला काम मिळाल्याचं आईनं तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. (रडत सांगितलं असेल तर ते रडणं आनंदाचं होतं.) एक संस्था खेड्यांतल्या शाळांमधून प्रयोगांची पेटी फिरवते. पेटी मोटारसायकलला बांधायची, शाळेत जायचं आणि भिंग, चुंबक, थर्मामीटर मुलांच्या हातात द्यायचं. आमच्या शाळेत भिंग कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींबरोबर गेली होती. सातवीपर्यंत मी ते काचेतूनच पाहिलं. म्हणून मामा, हे काम मला फार हवं आहे. अट एकच, गाडी स्वतः चालवत एकटीनं जायचं. उद्या सोमवारी रुजू व्हायचं आहे आणि पहिली शाळा तुमच्या टेंभुर्णीजवळचीच दिली आहे.

आण्णांनी कामाला होकार दिला, एकटीला नाही. "माळावर पंक्चर झाली म्हंजे काय करशील? कुटं जाशील?" हा त्यांचा प्रश्न. गाडी चालवायला मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा त्यांना पंक्चर आठवली नव्हती. त्यांचा बेत असा की रोज ते मागं बसून येणार. मेंढरं कुणी राखायची विचारलं तर म्हणतात, "बघू की." शाळेतल्या मुलांसमोर मी चुंबकाचे धर्म सांगते आहे आणि मागच्या बाकावर फेटा बांधलेले आण्णा काठी धरून बसले आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी विचाराला लागले. भीती हवेची आहे, तर हवा मोजून दाखवावी. जी गोष्ट आकड्यात दिसते तिची भीती राहत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

टायरमधली हवा चालत्या गाडीवर दाखवणारं यंत्र मिळतं. भवानी पेठेत चनबसप्पांचं दुकान आहे, तिथं गेले. त्यांनी आधी टायरच्या आत बसणारं काढलं आणि लई भारी म्हणून इतकं कौतुक केलं की मी घेतच होते. सहज विचारलं, आमच्या चाकात ट्यूब आहे, चालेल ना? "ट्यूबला न्हाई चालत अक्का. चाकं बदला की!" दुसरं यंत्र आकडा मोबाईलवर दाखवतं. पण गाडी चालवताना मोबाईल बघू नये हे मी शाळेत सांगणार आणि स्वतः बघणार, हे मला पटेना. (शिवाय आण्णांचा मोबाईल बटणांचा आहे. पटवायचं तर त्यांना होतं.) राहिलं तिसरं. व्हॉल्व्हवरची साधी टोपी काढून जाड टोपी बसवायची, आकडे हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दिसतात आणि तो पडदा उन्हावर चालतो. ऊन म्हटल्यावर मी निवड केली. सोलापुरात दुसरं काही संपेल, ऊन संपणार नाही.

पहिल्या दिवशी यंत्र ओरडायला लागलं की पुढच्या चाकात हवा कमी आहे. आण्णांनी पुढच्या चाकात पंप मारला. यंत्र थांबेना. त्यांनी आणखी मारला. पुढचं चाक दगडासारखं झालं तरी ओरड चालूच. मग मला दिसलं की पुढची टोपी मी मागं बसवली होती आणि मागची पुढं. आण्णा फक्त आईला म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय." ते कोणत्या अर्थानं म्हणाले हे मी विचारलं नाही.

टोप्या बदलल्या आणि खरा घोटाळा पुढंच झाला, कारण यंत्र आता बरोबर चालू लागलं. सकाळी मागचं चाक अठ्ठावीस दाखवायचं, दुपारी उन्हात तेच एकतीस. आण्णांना वाटलं जास्त झाली, त्यांनी हवा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस, यंत्राची ओरड. त्यांनी पंप मारला. दुपारी पुन्हा जास्त, पुन्हा काढली. गरम झाली की हवा फुगते, हे मी त्यांना फुगा उन्हात ठेवून दाखवलं. तो फुटला. त्यांचं मत आणखी पक्कं झालं.

पडद्यावर चाकाचं तापमानसुद्धा दिसतं, ही गोष्ट मी त्यांना सांगायला नको होती. एका दुपारी घरी आले तर गाडी लिंबाखाली उभी आणि मागच्या चाकावर ओलं पोतं. आण्णा शेजारी बसून पोत्यावर तांब्यानं पाणी घालत होते. यंत्रानं सेहेचाळीस दाखवलं होतं. "माणसाला चाळीस झाला तर दवाखान्यात नेत्यात," ते म्हणाले. (चाळीस म्हणजे तापाचे एकशेचार, हेही मीच त्यांना शिकवलं होतं.) तापलेल्या मेंढराला ते असंच लिंबाखाली घेतात, हे तुम्ही पाहिलं आहेच. आता जो येईल त्याला ते चाकाची तब्येत सांगतात. मागच्या चाकाला रोज ताप चढतो म्हटल्यावर त्या गाडीवर मला एकटीला कोण पाठवेल? पूर्वी त्यांना एक भीती होती, मी आकडे लावून तिच्या दोन केल्या.

तेव्हा मामा, विनंती अशी. आण्णा ऐकतात ते मेहुण्याचंच. तुम्ही एकदा फोन करून त्यांना समजवा. मात्र पटवण्यासाठी काही वाढवून-घटवून सांगू नका. माझं सगळं काम खरं आकड्यात दाखवण्याचं आहे, त्याची सुरुवात आडमार्गानं नको. उद्या सकाळी पत्र टपालात टाकते. (ते मिळेपर्यंत सोमवार उलटून जाईल हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण फोनवर मला हे सगळं आण्णांसमोर बोलता येत नाही.)

मामींना नमस्कार, आणि व्यायाम खरोखर करायला सांगा.

तुमची भाची,
सुकन्या

ता. क. सोमवार सकाळ. समजवायचा फोन करू नका. काल आण्णा बोकड घेऊन बाजारात गेले होते, म्हणून मागच्या चाकात छत्तीस होती. (बोकड म्हणजे माणूसच, असं त्यांनी अखेर स्वतःच ठरवलं.) आज उठून पाहते तर आईनं पडद्याला भंडारा लावलेला. तो पुसला, तर खाली अठ्ठावीस. पंक्चर असेल म्हणून चहा होईपर्यंत थांबून पाहिलं, आकडा हलला नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "मला काय इचारतीस? तुजं आण्णा उटल्यापास्नं चाकापाशी बसलं हुतं. मग गेलं मेंढराकडं." मी तक्ता पुन्हा वाचला. एकट्यासाठी अठ्ठावीस. पेटी बांधली. (ती बोकडापेक्षा बरीच हलकी आहे.)

ता. क. दुसरा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी तुमच्या हॉटेलसमोर चिंचेखाली उभी राहून हे लिहिते आहे, आणि पत्र मामींच्या हाती आत पाठवते आहे. शाळा भरायला अजून वेळ आहे, चहा ठेवा. पण त्याआधी खरं काम. आण्णांना फोन लावा, मी पोचले एवढं कळवायला. ते पहिल्यांदा हवा किती आहे तेच विचारतील. वाटेत ऊन चढलं, पडद्यावर बत्तीस झाले आहेत. तुम्ही अठ्ठावीस सांगा. वरची वाढवून-घटवून न सांगण्याची ओळ कृपा करून वाचली नाही असं समजा, नाहीतर ते ओलं पोतं घेऊन पहिल्या एसटीनं इकडे निघतील. आणि कुणाबरोबर आली असं विचारलं, तर तेवढं मात्र खरं सांगा. तक्त्यातल्या पहिल्या आकड्याप्रमाणे आली म्हणावं.