हर्बल समजून फवारलेली बाटली

प्रिय आई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत बाबांनी सगळ्यांना सोनचाफ्याची गोष्ट सांगितली, "हिला दिसायचंच नाय. चाळीस कलमं जाळून टाकली बाईनं." सगळे हसले. मी भाजी वाढत होते, तशीच पुढे गेले. म्हणून आज लिहायला बसले.

कलमं तुम्ही नाही, मी जाळली होती.

आठवतं ना? लग्नाला सहाच महिने झाले होते. डोंबिवलीच्या फ्लॅटमधून वसईच्या वाडीत आलेली मी बी.कॉम. सून! तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तणनाशकाच्या बाटलीला तुम्ही लाल चिंधी बांधायचात. मी पडवी आवरताना ती कळकट चिंधी फेकून दिली. मला वाचता येतं, मग चिंधी कशाला?

चाफ्यावर कीड दिसली तेव्हा तुम्ही बाजारात गेला होतात. मी बाटलीवर 'हर्बिसाइड' वाचलं. वाटलं, साबणावर 'हर्बल' लिहितात तसलंच काहीतरी, झाडपाल्याचं, सौम्य. हर्बल म्हणजे झाडपाल्यापासून केलेलं आणि हर्बिसाइड म्हणजे झाडपालाच मारणारं, हे मला आठवड्याने पानं पिवळी पडल्यावर कळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

बाबा विचारायला आले. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्याच हातून झालं. कुठली बाटली ते दिसलं नाय मला." तुम्ही तर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचात, आई.

मग मला विहिरीपाशी नेऊन म्हणालात, "नवी आहेस अजून. तुझं नाव खराब झालं ना, तर परत वाडीत हात लावू देणार नाय तुला." आणि दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप माझ्याच पाठीवर चढवलात. आज अख्खी वाडी मी सांभाळते, ती त्यामुळेच. हे उपकार मी कसे विसरू?

पण एक तक्रार आहे. मला नंतर कधीच खरं सांगू दिलं नाहीत. विषय काढला की, "चल, फुलं खुडायचीत." अकरा वर्षं तुम्ही ती चेष्टा हसून सोसलीत आणि मलाही गप्प बसायची सवय लागली.

नणंदा अजून घरातच आहेत. आज संध्याकाळी त्यांच्यासमोर बाबांना सगळं सांगणार आहे. चिडतील. चिडू देत. तुमचे डोळे शेवटपर्यंत लख्ख होते, हे या घराला कळलंच पाहिजे. माझं नाव खराब झालं तर होऊ दे. आता मला वाडीतून कुणी बाहेर काढू शकत नाही, एवढं तुम्ही मला शिकवून ठेवलंय.

तुमची सून,
सुजाता