दोन रेघांचा उतार

बाई, तुमची चुन्याची डबी माझ्याकडे आहे. पितळेची, झाकणाला पोचा आलेली. परवा कपाट आवरताना सुनेच्या हाती लागली तेव्हा तिने विचारलं, "आई, आपल्यात तंबाखू कोण खायचं?" कोणी नाही, म्हटलं, ही आमच्या शाळेतल्या बाईंची. त्यावर तिने जो चेहरा केला तो तुम्ही बघायला हवा होता. तुम्हाला त्याची सवय होती म्हणा. पन्हाळ्याच्या वाटेवर एका मेंढक्याने तुमच्या हातातली डबी बघून, "बाई, जरा चुना द्या की, तंबाकू हाय माझ्याकडं," म्हणून हात पुढे केला होता. तुम्ही शांतपणे त्याच्या बोटावर चुना दिलात आणि पाण्याचा झरा कुठे आहे ते विचारून घेतलंत. आम्ही आठ मुली हसून हसून सायकलींवरून पडायच्या बाकी होतो.

ती डबी तुमचं सगळं शास्त्र होतं. आम्हाला कुठे न्यायचं ठरलं की आदल्या रविवारी तुम्ही तो रस्ता एकट्या सायकलवर जाऊन यायचात. जाताना वाटेकडेच्या दगडांवर चुन्याने खुणा करायच्या. गोल म्हणजे पाणी, बाण म्हणजे वळण, एक रेघ म्हणजे जपून आणि दोन रेघा म्हणजे खाली उतरा, सायकल हातात धरा. पुढच्या रविवारी आम्ही त्या खुणा वाचत निघायचो. पहिल्या सायकलवरच्या मुलीने खूण ओरडून मागे सांगायची, मागचीने तिच्या मागचीला, आणि सगळ्यांच्या शेवटी तुम्ही. काष्टा घालून, पुरुषांच्या काळ्या सायकलवर. लेडीज सायकल चढाला कुचकामी, असं तुमचं ठाम मत. खुणा करून आल्यावरच्या सोमवारी तुम्हाला कुठे ना कुठे चिकटपट्टी असायची, कधी कोपराला, कधी हनुवटीला. बाईंना सायकल येत नाही बहुतेक, असं आम्ही आपसात म्हणायचो.

सायकली भाड्याच्या, मंगळवार पेठेतल्या चाचांच्या दुकानातून आणलेल्या. चाचा प्रत्येक सायकल उलटी करून चाक फिरवायचे, ब्रेक दाबून बघायचे आणि आम्हाला बजावायचे, "उताराला नुसता म्होरला ब्रेक दाबायचा न्हाय. तोंडावर पडशीला." मी कसली ऐकते. मला उताराचं वेड होतं. चढावर सगळ्यांच्या मागे रडतखडत येणारी मी, उतार दिसला की कोणाची नव्हते. वाघबिळाच्या अलीकडे एकदा दोन रेघा असताना मी सायकलवरून उतरले नाही. खाली तुम्ही मला गाठलंत. वर्गात तुमची भाषा पुस्तकी, पण राग आला की पेठ बाहेर पडायची. "दोन रेघा दिसल्या न्हाईत व्हय गं तुला? का डोळं घरात ठेवून आलीस?" सगळ्यांसमोर. मग लगेच पिशवीतून गूळशेंगदाणे काढून पहिला घास मलाच दिलात. मी तो रागाने खाल्ला, पण खाल्ला.

आमची जुनी अकरावी होती. दुष्काळ संपून पाऊस नीट झाला होता, मार्गशीर्षाचे दिवस होते. पन्हाळ्यावर एका शाळेत मुक्काम करून आपण दुसऱ्या दिवशी मसाईच्या पठारावर गेलो. बाई, नंतर मी पुष्कळ ठिकाणं पाहिली, पण तसं दुसरं काही पाहिलं नाही. डोंगर चढून जावं आणि वर डोंगरच नसावा. मैलभर सपाट, मग खिंड, मग पुन्हा सपाट. एक झाड नाही. वाळकं पिवळं गवत, त्यातून डोकं काढणारा तांबडा-काळा कातळ, खळग्यांत राहिलेलं पाणी आणि कानांत भरणारं वारं. तुम्ही म्हणालात, "हे बघून ठेवा, परीक्षेत येणार नाही." तुमच्या तोंडून हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. त्या दिवशी पहिली सायकल माझी होती. वाघबिळानंतर तुम्ही ती मला मुद्दाम दिलीत. पोरीवर जबाबदारी टाकली की सुधारते, असा तुमचा हिशेब असावा.

पठार संपतं तिथे खालच्या वाडीकडे गाडीवाट उतरते. बाकीच्या जरा मागे आहेत. मी टोकाला पोचते, आणि समोर दगडावर दोन रेघा. खाली बघते तर लांबच लांब उतार, शेवटी एक वळण. सकाळपासून चार वेळा उतरून चालून झालंय. आणि माझ्या डोक्यात असा विचार येतो की, खूणच नसेल तर मी ती मोडली असं कोण म्हणेल? मी थुंकी लावून तळव्याने त्या रेघा पुसून काढते. हँडल धरून तळव्याला फोड आलेले, त्यातला एक फुटलेला. चुना त्यात असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. पण मी सायकलवर बसले आणि निघाले.

मी नीट उतरले. माझ्या मागची मुलगी नाही. ती जयसिंगपूरची, शिकायला मामाकडे राहिलेली, आमच्यात सगळ्यात भित्री आणि सगळ्यात आज्ञाधारक. खूण दिसली नाही म्हणून ती विश्वासाने सायकलवरच आली आणि वळणावरच्या सुट्या खडीत आपटली. मनगट मोडलं. वाडीतल्या एका घराच्या ओसरीवर तुम्ही तिच्या हाताला फळकुटं लावून तुमच्याच पदराच्या पट्टीने बांधलंत. मग उठून एकट्या वर चालत गेलात, त्या दगडापर्यंत, आणि परत आलात. घरातल्या म्हातारीकडून खोबरेल मागून घेतलंत आणि मला म्हणालात, हात बघू. मी मूठ उघडली. फोडाच्या कडेने तळवा लाल झाला होता आणि रेषांमध्ये पांढरं बसलं होतं. "कशानं भाजलं?" तुम्ही विचारलंत. "हँडलनं," मी म्हटलं. "व्हय," एवढंच तुम्ही म्हणालात, आणि तेल लावत राहिलात. इतकं हळू की मला ओरडून रडावंसं वाटलं.

तीन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "बाई, तुमच्यावर इस्वास ठेवून पोरगी धाडलीती. हात वाकडा ऱ्हायला तर हिला कोण बघणार हाय?" तुम्ही मान खाली घालून उभ्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, पहिली सायकल तुझी होती ना, तिथे खूण होती का? मी तुमच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "नव्हती." आणि तुम्ही क्षणाचाही वेळ न लावता म्हणालात, "ती खरं सांगतेय. खूण करायची माझ्याकडून राहिली." त्यानंतर शाळेने सहली बंद केल्या. गगनबावड्याचा घाट तुम्ही आम्हाला दाखवणार होतात, त्याच्या खुणा करून झाल्या होत्या. त्या तशाच राहिल्या असतील, पावसाने जाईपर्यंत.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही ही डबी माझ्या हातावर ठेवलीत. "मला आता ह्याचा उपयोग न्हाय. तुला लागंल." मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि "येते बाई" म्हणाले. पुढे लग्न होऊन हातकणंगल्याला गेले, नोकरी केली, मुलं वाढवली. कोल्हापूर काही लांब नव्हतं, बसने तासाभराचं. पण दर वेळी वाटायचं, पुढच्या दिवाळीला सांगू. तुम्ही गेल्याचं मला आठवड्याने कळलं. त्या मनगटवालीला मात्र मी मागे एका लग्नात गाठून सगळं सांगितलं. तिने हात फिरवून दाखवला, बघ, पोळ्या लाटते की ह्यानंच. मग म्हणाली, "मला कशाला सांगतीस? बाईंना सांगायचं होतंस." म्हणून हे लिहायला बसले. टाकायचं कुठे ते माहीत नाही. डबीखाली ठेवीन.

गेल्या मार्गशीर्षात मी मसाईवर जाऊन आले. मुलाने गिअरची सायकल गाडीवर बांधून दिली आणि चार वेळा बजावलं, आई, फक्त सपाटीवर. तो पन्हाळ्यावर चहा पीत थांबला. पठारावर आता जीपगाड्या येतात, लोक फोटो काढतात, वारं मात्र तेच आहे. तो दगड मला सापडला, निदान तोच असावा. डबीत ताजा चुना नेला होता, त्याने मी दोन रेघा ओढल्या. वाकल्यावर तिथून वळणावरची खडी अजिबात दिसत नव्हती. पन्नास वर्षांनी मला प्रश्न पडला की, इथे उतरून चाला हे तुम्हाला कळलं कसं? सायकल हातात धरून गेलेल्या माणसाला ती खडी चाक घसरवते हे जाणवलंच नसतं. त्या सोमवारी तुमच्या कोपराला मोठी चिकटपट्टी होती, बाई. मला चांगली आठवते. आमच्यासाठी जिथे दोन रेघा होत्या तिथे तुम्ही आधी पडलेल्या होतात, आणि पडेपर्यंत तुम्हीही सायकलवरच होतात.

तुमच्या सहली माझ्यामुळे बंद पडल्या, तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, आणि ते माहीत असून मी गप्प राहिले. ह्याचं मला वाईट वाटत आलंय आणि वाटत राहील. पण त्या उताराचं वाईट मला कधीच वाटलं नाही. इतकं सुख मला फार थोड्या वेळा मिळालं आहे, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी रागावला असता आणि मग विचारलं असतं, वळणावर कसं सावरलंस.

मागचा ब्रेक, बाई, आणि पाय खाली. गेल्या मार्गशीर्षातही तसंच सावरलं. मुलाला सांगितलं, चालत उतरले.