वीस दिवसांचे काम अकरा दिवसांत

ती. दादास,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे ठीक आहे. (हे वाक्य रोजनिशीत दोनदा लिहून खोडले. इथे राहू देतो. पत्राची सुरुवात तरी बरी व्हावी.)

आमचा टेबलफॅनचा कारखाना परदेशी हलला, हे तुझ्या कानावर आलेच असेल. तिकडे मजुरी स्वस्त आहे म्हणे. हलण्याआधी तिकडून तिघे जण काम शिकायला आले आणि त्यांना शिकवायला साहेबांनी मला नेमले. मुदत वीस दिवस, ते शिकले की कारखाना बंद. तुला माहीतच आहे, माझे काम कानाचे. तयार पंखा लावायचा, डोळे मिटायचे आणि पाते वाकडे आहे की बेअरिंग कोरडे, ते आवाजावरून सांगायचे. वाइंडिंग खात्यातला पैलवान (अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पैलवान) पहिल्याच दिवशी म्हणाला, "मास्तर, सावकाश घ्या बरं का. ते शिकले की आपली नोकरी सुटली." मी हो म्हणालो, अगदी मनापासून. पण तिसऱ्या दिवशी त्या तिघांतल्या एका बाईने सैल स्क्रूचा आवाज अचूक ओळखला आणि माझ्या अंगात काय संचारले कोण जाणे. मी तक्ते केले, चित्रे काढली, जेवणाच्या सुट्टीतही शिकवत बसलो. मुद्दाम चुकीचे सांगावे असे एकदा मनात आले. पण खरखरत्या पंख्याला चांगला म्हणायला जीभ रेटेना. (हा प्रामाणिकपणा की कौतुकाची हाव, यावर रोजनिशीची चार पाने खर्ची पडली. निकाल लागला नाही.) अकराव्या दिवशी तिघेही पास झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि बाराव्या दिवशी फाटकाला कुलूप घातले.

दोनशे माणसांचे नऊ दिवस माझ्या चांगल्या शिकवण्यापायी गेले. फाटकाशी पैलवान एवढेच म्हणाला, "मास्तर, पुढच्या जन्मी जरा वाईट शिकवा." तेव्हापासून त्याने बोलणे टाकले आहे. ही म्हणते, नऊ दिवसांनी काय मोठे राज्य मिळणार होते? तिचे बरोबर आहे, पण मला ते पटवून घेता येत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरे कारण राहिलेच. तुझ्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअरकीपरची जागा निघाली आहे ना? ती पैलवानाला मिळावी असे मला मनापासून वाटते. त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच.

ता. क. २ : वरचे पुन्हा वाचले. वाटते ते खरेच. पण तू खरोखर ऐकशील या धास्तीने सकाळपासून पाकीट चिकटवलेले नाही. आमच्याही घरात कमावणारा मी एकटाच. दोन जागा असतील तर उत्तम. ही म्हणते, भावाला सरळ कळेल असे लिहा. तर सरळ लिहितो: एकच असेल तर ती मला हवी आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तोच पैलवान दारात. जागेची बातमी त्यालाही लागली होती. म्हणाला, "मास्तर, राग गेला खड्ड्यात. अर्ज तुमच्याच हातचा पाहिजे." लिहून दिला. तीनदा सुधारला. माझ्या अर्जापेक्षा सरस झाला आहे. दोन्ही सोबत जोडले आहेत. माझा आधी वाच.