रूथकडे मागितलेली शांती

सोम. ४ ऑगस्ट
पिरंगुट. रविवारी चर्चच्या उपासनेत मला बोलायचंय. विषय आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलेला: पहिल्या शतकांतले ख्रिस्ती विचारवंत 'शांती' कशाला म्हणत. ऑनलाइन धर्मशास्त्र शिकतो ना, म्हणून मी. कंपनीतून आलं की डोळे मिटतात. वाचू कधी?
रूथ, धाकटी बहीण, मे महिन्यापासून आमच्याकडे. नवऱ्याने, अशोकने, मारलं तेव्हापासून. मनगट अजून नीट वळत नाही तिचं.

बुध. ६
वाचतोय. भांडण थांबलं म्हणजे शांती नव्हे म्हणे. लुटारूंच्या टोळीतही शांतता असते, आपापसात. न्यायाशिवाय खरी नाही. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकरी-द्राक्षारस घेण्याआधी, ते लोक एकमेकांना शांतीचं चुंबन द्यायचे. मनात वैर असेल तर भाकरीकडे यायचंच नाही.
आईला वाचून दाखवलं. "ते राहू दे. ही सासरी कधी जाणार?"
जिन्यात घरमालकीण: "लई दिस झालं, जावई न्यायला आलं न्हाईत व्हय?"
काय सांगू हिला! पाऊस, चिखल, बसही चुकली.

शुक्र. ८
हा विषय का दिला ते आज कळलं. पाळकसाहेब चहाला आले. रविवारी अशोक येणार. माझं बोलणं झालं की शांतीची सलामी (त्या चुंबनाच्या जागी आता हात मिळवतात), रूथने त्याचा हात हातात घ्यायचा, तिथून थेट सासरी. सगळं ठरवूनच.
"घर जोडणं हीच शांती, बेटा."
रूथ स्वयंपाकघरातून: "त्याने काय केलं ते विचारलंत त्याला?"
"झालं गेलं सोडून द्यावं."
 टाळकं नुसतं तापलेलं, आणि मी त्यांचा चहाचा कप उचलून आत नेला.

रवि. १०
लुटारूंचं सांगितलं, वैर असेल तर भाकरीकडे यायचं नाही हेही. न्यायावर आलो, तेवढ्यात पाळकसाहेब उठले. "आमेन. आता एकमेकांना शांती द्या." निम्मं बोलणं राहिलंच. अशोक हात पुढे करून आला, इस्त्रीच्या शर्टात. सगळी मंडळी बघतेय.
रूथ म्हणाली, "आधी सांग सगळ्यांना, हे मनगट कुणी मोडलं."
त्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी गीत सुरू केलं.
मी जाऊन रूथशेजारी उभा राहिलो. आई बाकावर, मान खाली. अजून बोललेली नाही आमच्याशी.

सोम. ११
कंपनीत पाळकसाहेबांचा फोन. मन साफ होईपर्यंत रूथने प्रभुभोजन घेऊ नये. मीही. "जुन्या ख्रिस्ती मंडळीची रीत, तूच सांगितलीस ना?"
"आणि अशोकने घ्यावं?"
"बघू," म्हणाले.