मजुरीचा रकाना

३ मार्च

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं घर जळालं हे ठाऊक होतं, पण विम्याच्या पैशांत नव्या भिंती जेमतेम खिडकीपर्यंत आल्या आणि आता सगळं कुटुंब दुकानामागच्या खोलीत राहतंय, हे ठाऊक नव्हतं. लगेच आपल्या घराचा विम्याचा कागद काढून पाहिला. बाबा, रागावू नका, पण त्यावरचा आकडा घर बांधलं त्या वर्षीचा आहे. म्हणजे एकतीस वर्षांपूर्वीचा! विमा कंपनीत बसून मी दिवसभर लोकांच्या घरांचे अंदाज काढते आणि माझ्याच माहेरी दिव्याखाली अंधार.

घर विकलं तर किती येतील, हे मला नको. जमीन काही जळत नाही. पडलेलं उचलून फेकायचं आणि अगदी तसंच घर आजच्या दरानं पुन्हा उभं करायचं, याला काय लागेल तेवढं हवं. आकडा निम्मा धरला, तर नुसतं स्वयंपाकघर जळालं तरी कंपनी त्याचेही निम्मेच पैसे देते. तेव्हा "आपलं कुठं सगळं घर जळणार आहे" हे बाबांचं नेहमीचं वाक्य इथे चालायचं नाही.

विम्याची मुदत महिनाअखेर संपते. खोलीवार यादी करा: लांबी, रुंदी, उंची, काय माल वापरलाय आणि शेवटच्या रकान्यात मजुरी. स्वतःच्या घरचा अंदाज मला मंजूर करता येत नाही, तो आमच्या साहेबांपुढे जाईल. साहेब कांदा सोलावा तसे आकडे सोलतात. म्हणून बाबा, "अंदाजे" आणि "साधारण" हे दोन शब्द घरीच ठेवा.

दोघांनी तब्येत सांभाळा. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
फुटपट्टी

९ मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि घरात मोजणी खातंच उघडलं. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं ह्यांच्याकडे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला टेप लागत नाही, असं ह्यांचं म्हणणं. प्रत्येक खोलीत आधी डोळे बारीक करून माप सांगायचं, मग मला मोजायला लावायचं. न्हाणीघर सोडलं तर सगळी मापं बरोबर आली. तिथे दोन बोटं चुकली, तर म्हणाले गिलावा फुगलाय. पडलो तरी नाक वर, दुसरं काय!

माळा मोजायला मात्र मी त्यांना चढू दिलं नाही, मीच चढले. खालून सूचनांचा भडिमार चालू होता. शेवटी मी वरून सांगितलं की आता एक शब्द जास्त बोललात तर माळ्याची लांबी मनानं लिहीन.

यादी सोबत आहे. विटा, वाळू, सिमेंट, लाकूड, कौलं, खिडक्यांच्या बिजागऱ्या, सगळ्याचे आजचे दर दुकानात जाऊन विचारून घातलेत. शेवटचा रकाना कोरा आहे. मी विचारलं, तर म्हणाले, घर मी बांधलं, मजुरी कुणाला द्यायची? मलाही ते पटलं. आपल्या घरात पैसे देऊन कुणी कधी खिळासुद्धा ठोकून घेतलेला नाही. तेव्हा यादी पुरी समज आणि तुझ्या त्या कांदेवाल्या साहेबांना दाखव.

शिंप्याची बायको काल भेटली होती. बोलता बोलता तिला रडू आलं. त्या वयात दुकानामागच्या खोलीत चूल मांडायची म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. हे काम लवकर मार्गी लाव बाई.

जपून राहा, आणि आईवरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
आई

१३ मार्च

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

यादी मिळाली. इतकी नेटकी यादी आमच्या कचेरीत इंजिनियरसुद्धा देत नाहीत, असं साहेब म्हणाले. मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली आणि त्यांनी मला विचारलं की हे घर काय भुतांनी बांधलं? आई, तू मान डोलावलीस यात नवल नाही. खरं सांगायचं तर यादी वाचताना पहिल्यांदा मलाही काही खटकलं नाही. गवंड्याच्या घरात वाढल्याचा परिणाम, मजुरी म्हणजे बाबा घरी आणतात ती, घरातून जाते ती नव्हे.

पण घराच्या खर्चात तिसरा हिस्सा तरी मजुरीचा असतो. तो सोडला तर आपणही शिंप्याच्याच पंगतीला बसलो.

बाबा, आता जे विचारते ते मनाला लावून घेऊ नका. उद्या घर पडलं तर ते तुम्ही बांधणार आहात का? तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात. पण हा प्रश्न मी रोज परक्यांना विचारते, आणि माझ्याच बापाला विचारायला घाबरले तर तुम्हाला उघड्यावर टाकणारी मीच ठरेन.

उत्तर लवकर पाठवा. रागवायचं असेल तर भरपूर रागवा, पण मला आपलं म्हणत राहा.

तुमची,
फुटपट्टी

२० मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही ते मीच लिहिलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी माल कालवला आणि जाहीर केलं की मागच्या दारची पडकी ठेंगणी भिंत आज बांधून दाखवतो, मग बघू मुलगी काय म्हणते. आठ थरांचं काम. पूर्वी जेवायच्या आधी हात धुऊन मोकळे व्हायचे.

तीन दिवस लागले. ओळंबा धरला की दोरी थरथरायची, कारण हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी वरचे दोन थर वाकडे गेले. त्यांनीच ते उतरवले, विटा पुसून एकीवर एक रचून ठेवल्या. मी दारात उभी होते, मला रडू आवरेना. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, रडायला काय झालं, मिस्त्री बोलवा.

मग त्यांच्या हाताखाली तयार झालेला मिस्त्री आला. त्याच्याकडे आता सहा माणसं आहेत. कानावर पेन्सिल ठेवून घरभर फिरला. जिन्यापाशी मात्र थांबला. वर जिथे वळण येतं तिथल्या पायऱ्यांवर हात फिरवून म्हणाला की असा जिना बांधायला दोन चांगले मिस्त्री अठरा दिवस लागतील, आणि इतकं साफ वळण येईल याची हमी तो स्वतःही देणार नाही. ह्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं धोक्यात. शेजाऱ्यांना बोलावून त्याला पुन्हा तेच बोलायला लावलं.

जेवण झाल्यावर मात्र एकटेच जाऊन जिन्यावर बसले. आता दोन दिवस मजुरीचा रकाना भरताहेत, परीक्षेतल्या पोरासारखा हात आडवा धरून. मला बघू देत नाहीत. तुला स्वतः लिहिणार आहेत म्हणे. इतक्या वर्षांत ह्यांनी लिहिलेलं पहिलं पत्र असेल, जपून ठेव.

तुझी आठवण रोज निघते, तीही तिकडे निघत राहो.

तुझी,
आई

२२ मार्च

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद.

रकाना भरून पाठवतो आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं. हे घर मी पुन्हा बांधू शकत नाही. लिहून टाकलं, आता बरं वाटतं.

मजुरीत एका ठिकाणी खोडलेलं आहे. तुझे साहेब शंका घेतील म्हणून खुलासा करतो. आधी मी "एक मिस्त्री, एक मदतनीस" असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. घराची मागची भिंत आणि जिन्याच्या वरच्या सात पायऱ्या मी बांधलेल्या नाहीत. परांचीवरून पडून तेव्हा माझा उजवा हात मोडला होता. तू दीड वर्षाची होतीस. पैसे संपले होते, पावसाळा तोंडावर होता. मी खुर्चीत बसून सांगत होतो आणि थापी तुझ्या आईच्या हातात होती. पहिले चार दिवस सांगावं लागलं. नंतर मला सांगण्यासारखं काही उरलं नाही.

गवंडी मंडळी हसतील म्हणून मी एका हातानं केलं असं सगळ्यांना सांगितलं. एकतीस वर्षं लोक त्या वळणाचं कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेतो. ती तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. कधी एका शब्दानं बोलली नाही. परवा मिस्त्री आला तेव्हाही नाही. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

म्हणून दोन मिस्त्री लिहिले आहेत. दोघांना पुरा दर. साहेबांना काही सोलायचं असेल तर दुसरीकडे सोलू दे, या ओळीला हात लावू देऊ नकोस.

हे तिला अजून तोंडानं सांगता आलेलं नाही. टपालात टाकायला पाकीट तिच्याकडेच देणार आहे, न चिकटवता.

बापावरचा जीव हे वाचूनही तेवढाच राहावा.

तुझे बाबा,
दोघांपैकी एक मिस्त्री