अदृश्य शालीचे एकतीस मार्क

१८ नोव्हेंबर

रुक्कू सकाळच्या गाडीने चेन्नईहून इथे कुंभकोणम्‌ला आली. दोन पिशव्या आणि एक जाडजूड बाड. वेंकोबाने काल बंगळूरहून फोनवर बजावलंच होतं. "अक्का, माझ्या लेकीने नोकरी सोडली. कादंबरी लिहितेय म्हणे, जादूची. पोंगलपर्यंत मुदत दिली आहे. पुस्तक कुणी घेतलं तर ठीक, नाहीतर भोगीला येऊन घेऊन जातो. इथे माझ्या ओळखीच्या ऑफिसात जागा ठेवायला सांगितली आहे. तोवर तुझ्याकडे राहू दे. तुझ्यासमोर असली खुळं टिकत नाहीत." धाकटा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.

जेवताना रु.ने सगळं सांगितलं. प्रकाशक बाईंना गोष्ट आवडली आहे, पण त्यांनी लिहिलं आहे की जादूच्या वस्तू लेखिकेला हवं तेव्हा हवं ते करतात. त्यांना नियम हवेत. दहा जानेवारीपर्यंत सुधारून पाठवा, मग ठरवू.

"आत्या, तू चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलंस. जरा नजर घाल."

जरा नजर घालणं मला येत नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

बाड तमिळमध्ये आहे. ४१२ पानं. नायिका तामरै, राजवाड्यात चोरी करते. तिच्याकडे तीन वस्तू. पांघरली की माणूस दिसेनासा होतो अशी शाल. कधीच रिकामं न होणारं भाताचं मडकं. वाजवली की काळ थांबतो अशी घंटा.

तीन दिवसांत वाचून संपवलं. तमिळ चांगली आहे. विज्ञानाच्या नावाने ठणठणाट.

घंटा: काळ थांबला म्हणजे हवाही थांबली. हवा थांबली तर घंटेचा आवाज जाणार कशातून? बाई घंटा वाजवते आणि ती तिलाच ऐकू येत नाही. शिवाय प्रकाशही थांबला, म्हणजे काळोख. शिवाय थांबलेल्या हवेतून चालणं म्हणजे भिंतीतून चालणं. श्वासाचं तर सोडूनच द्या. पान २०७ वर ती याच अवस्थेत आंबा खाते.

२२ नोव्हेंबर

बाड परत दिलं. रु.ने पहिलं पान उघडलं.

"आत्या, मार्क द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"सवय."

"शंभरपैकी एकतीस?"

"भाषेचे बावीस त्यातच आहेत."

"पास कितीला?"

"पस्तीस." हे काय मला विचारायचं?

तिने डोसा खाल्ला नाही. चटणी फ्रिजमध्ये ठेवली.

२३ नोव्हेंबर

वें.चा फोन. आवाज फार खूश. रु.ने आईला सांगितलं, आईने त्याला. "एकतीस का? शाब्बास अक्का. मला त्या पानाचा फोटो पाठव. पोरगी माझं ऐकत नाही, पण तुझ्या मार्कांपुढे कुणाचं चाललंय? तू जन्मात कुणाला फुकट मार्क दिला नाहीस. आता असं करू. सुधारून झालं की तू परत तपास. तू पास केलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. नापास, तर भोगीला माझ्याबरोबर."

फोटो काढता येत नाही असं सांगितलं. येतो.

मुलीला इथे का पाठवलं ते आता कळलं. आजीकडे काढा प्यायला पाठवतात, तसं. काढा मी.

२५ नोव्हेंबर

रु. खोलीतून फक्त जेवायला बाहेर येते. कॉम्प्युटरची टकटक ऐकू येत नाही. लिहीत नसावी. मी नेहमीसारखी वागते. नेहमीसारखं वागायला इतके कष्ट पडत नसत.

२७ नोव्हेंबर

शेवटी मीच विषय काढला. पाटी घेऊन स्वयंपाकघरात बसवलं तिला. प्रश्न: मडक्यात एक किलो तांदूळ शून्यातून येतो. वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. उत्तर नवावर सोळा शून्यं, इतके ज्यूल. "एवढी ऊर्जा एका मडक्यात गोळा केली आणि ती निसटली, तर कुंभकोणम् जागेवर राहत नाही. शेजारचं दारासुरम् नाही, तिरुनागेश्वरम् नाही. भात कोण वाढणार हा प्रश्न मग उरत नाही."

"मग मडकं काढून टाकू?" आवाज रडवेला.

"काढायचं कशाला? शून्यातून काही येत नाही, एवढंच म्हणते मी. दुसरीकडून आलं तर माझी हरकत नाही."

"दुसरीकडून म्हणजे?"

"म्हणजे जिथे होता तिथून. इथे एक किलो आला तर तिथला एक किलो गेला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. हात रसमच्या भातात. "आत्या. मग तामरै रोज जेवते तेव्हा कुणाचं तरी मडकं रिकामं होत असणार."

"अर्थात."

"आणि तिला ते माहीतच नाही."

उष्ट्या हाताने उठून गेली. ताट तसंच. दार बंद, आणि टकटक सुरू. भांडी मी घासली. एरवी बोलले असते.

४ डिसेंबर

पाऊस चार दिवस. आज उघडला. शालीचा विचार पक्का झाला आहे. प्रकाश शालीला वळसा घालून पलीकडे जातो, म्हणून माणूस दिसत नाही, इथवर मान्य. पण मग तो आतल्या डोळ्यात शिरतच नाही. शाल पांघरलेला माणूस ठार आंधळा.

रु.: डोळ्यांपुरती दोन भोकं ठेवू.

मी: म्हणजे राजवाड्यात पाच फुटांवरून दोन डोळे हिंडणार.

रु.: पहारेकरी पळून जातील. कामच झालं.

हसलो दोघी. बऱ्याच दिवसांनी.

६ डिसेंबर

टाउन बसने दारासुरम्. रेशमाचं अंग प्रत्यक्ष पाहावं म्हणून. माणिक्कम् विणकर, माझा जुना विद्यार्थी, आता त्यालाच नातू आहे. मागावरचं धूपछाव कापड हातात दिलं. ताणा लाल, बाणा हिरवा, तिरकं धरलं की रंग पालटतो. सुंदर. रु.ला म्हटलं, बघ, जादू म्हणायचं तर हे आहे, आणि कारणही सांगता येतं. तिने वहीत काहीतरी टिपलं.

मी विचारलं, दिसणारच नाही असं कापड विणता येईल का?

माणिक्कम् गंभीरपणे म्हणाला, "टीचर, असं निघालं तर पहिल्यांदा मला सांगा. त्यातली चूकही दिसणार नाही." मग रु.कडे वळून, "प्रकाशाच्या धड्यात मला यांनीच नापास केलं होतं. दोनदा."

"किती मार्क?" रु.ने लगेच विचारलं.

"एकतीस."

मला आठवत नाही. पण दिले असतील.

१२ डिसेंबर

वाद. रु.च्या नव्या प्रकरणात तामरै शालीत आंधळी होऊन पावलं मोजत खजिन्यापर्यंत जाते. मी म्हटलं, जमणार नाही. ती म्हणाली, जमेल, सराव केला तर.

"करून पाहिलंस?"

"गोष्ट आहे ती, आत्या."

प्रयोगाशिवाय निष्कर्ष काढणाऱ्यांना मी चौतीस वर्षं बाकावर उभं केलं.

१७ डिसेंबर

प्रयोग केला. रु. पोस्टात गेली होती.

उद्दिष्ट: स्वयंपाकघर ते रस्त्यावरचं फाटक, डोळे बांधून. साहित्य: टॉवेल. उघड्या डोळ्यांनी अंतर एकेचाळीस पावलं.

निरीक्षण: माणूस डोळे मिटून चालला की पाऊल आखूड पडतं. हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणून सहा पावलं वाढवून धरली. कॉफीच्या पुडीचा वास नवव्या पावलापर्यंत. मग बोळ, तिथली फरशी पायाला गार लागते. दिवाणखान्यात स्वतःच्या पावलांचा आवाज मोठा होतो. अंगणात गालावर ऊन. चाळीस, एकेचाळीस. हात पुढे केला, फाटक नाही. सुधारणा लागू केली. बेचाळीस ते सत्तेचाळीस.

सुधारणा चुकीची नव्हती. रु. फाटक उघडं टाकून गेली होती.

मी पायरी चुकले, गल्ली ओलांडली, आणि समोरच्या पट्टम्माळ मामींच्या दारातल्या मार्गळीच्या कोलममध्ये, म्हणजे रांगोळीत, जाऊन बसले. मार्गळी महिन्यात कोलमच्या मध्यावर शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं फूल खोचतात. ते माझ्या हाताखाली आलं. डावा घोटा मुरगळला.

मामी तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, "टीचर, नवस असेल तर देवळात फेडावा. पहाटे साडेचारला उठून काढलं होतं मी."

टॉवेल सोडला तेव्हा गल्लीत आठ माणसं उभी होती. मोजली.

१८ डिसेंबर

घोटा भोपळ्याएवढा. रु.ने बांधला. हसायचं नाही म्हणून ओठ दाबत होती, मग एकदम रडायला लागली.

"माझ्या पुस्तकासाठी तू पडलीस."

"प्रयोगासाठी पडले. लिही. नववं पाऊल, कॉफी."

सगळं सांगितलं, तिने उतरवून घेतलं. गालावरचं ऊन तिला विशेष आवडलं. "आत्या, चोर उजेडात आली हे तिला डोळ्यांनी नाही, गालाने कळेल." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याला निरीक्षण क्र. ४ म्हटलं होतं.

वें.चा फोन. बातमी बंगळूरपर्यंत गेली. "आता तुझा पायही घालवला तिने. मी भोगीला येतोच आहे. तू फक्त तपासायचं काम कर."

"तू वाचलंस का रे एक तरी पान?"

"मला कुठे वेळ आहे, अक्का. तू आहेस ना."

२९ डिसेंबर

घंटा राहिली आहे. आठ दिवस ती एकच अडलेली. रु.: काढून टाकते. मी: थांब.

दोन घड्याळं घेतली, माझं आणि तिच्या आजोबांचं. आजोबांचं रोज दहा मिनिटं पुढे जातं. टेबलावर शेजारी ठेवली.

"काळ सगळ्यांचा थांबवू नकोस. घंटा वाजवणारीचं घड्याळ जोरात चालव. जगाची एक पापणी लवते तेवढ्यात तिचा तास जातो. दोन घड्याळं वेगवेगळी चालतात, यात खोटं काही नाही. फरक एवढा मोठा नसतो इतकंच."

"मग तिला सगळं थांबल्यासारखं दिसेल."

"होय. पण वय तिच्या घड्याळाने वाढणार. फुकट तास मिळत नाही."

रु. घड्याळांकडे बघत म्हणाली, "म्हणजे जितक्या वेळा वाजवेल तितकी ती म्हातारी होईल. आणि बाकीचे तसेच." मग हळूच, "आत्या, तू कधी वाजवलीस अशी?"

मी आजोबांचं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं. पुण्याहून एम.एस्सी. करून आले, त्याच महिन्यात आई अंथरुणाला खिळली. पुढचं सगळं सरळ एका दमात झालं. लोकांची पापणी लवली असेल.

घंटा वाजवणारीच्या वेगाने हवा कशी आडवी येईल, घर्षणाने ती किती तापेल, हे मी विचारलं नाही. नोंद असावी: विचारलं नाही.

९ जानेवारी

रु.ने आज प्रकाशक बाईंना पाठवलं. एक प्रत छापून माझ्या टेबलावर. वर कोरा कागद, त्यावर "मार्क:" लिहून चौकट आखली आहे. पोरीने पट्टी वापरली आहे.

११ जानेवारी

लाल पेन घेऊन सकाळी आठला बसले. पान ६० पर्यंत अकरा खुणा. त्यानंतर पेन कुठे ठेवलं ते आठवेना. पान १८८ ला तामरै त्या दुसऱ्या घरी पोचते, जिथलं मडकं रोज रिकामं होत असतं, आणि दारात उभी राहते. तिथे थांबले. जेवायची वेळ टळून गेली होती. रु. दोनदा डोकावून गेली म्हणे.

पेन केसात सापडलं.

हवेचं घर्षण अजून खटकतं. ते धरलं तर पास होणं कठीण. न धरलं तर मी परीक्षक कसली?

१२ जानेवारी

प्रकाशकांकडून काही नाही. रु. दर दहा मिनिटांनी फोन बघते. मला एकदाही विचारलं नाही तिने, किती दिले. वेण्या मात्र दोनदा घातल्या.

शाळेतला एक नियम आठवला. परीक्षकाने घरच्या मुलाचा पेपर तपासू नये, तो बाहेर पाठवावा. चौतीस वर्षं पाळला, आणि नोव्हेंबरात धडधडीत मोडला. ते एकतीस मार्क मुळातच रद्द आहेत. इतकी वर्षं नियम लोकांना सांगितला आणि स्वतःला सांगायला सात आठवडे लागले.

चौकटीत लिहिलं: "परीक्षक नात्यातील. पेपर अन्य परीक्षकाकडे." सही, तारीख.

१३ जानेवारी, भोगी

वें. सकाळी नऊला आला. बॅग खाली ठेवायच्या आत, "काय, किती?"

कागद दिला. त्याने वाचला, उलटा करून पाहिला. "हे काय अक्का? अन्य परीक्षक म्हणजे कोण?"

"वाचता येतं अशा कुणीही."

"तिचा बाप नात्यातला नाही होय?"

"तू एक पान वाचलेलं नाहीस, म्हणजे सध्या तू परकाच. बस."

रु. मागच्या दारी भोगीच्या रिवाजाने जुन्या चटया जाळायला गेली ती तिथेच राहिली. वें. झोपाळ्यावर बसला. दोन पानं बघतो म्हणाला, साडेअकराच्या बसने निघायचं आहे.

साडेअकराची बस गेली असावी. कॉफीवर साय धरली आहे, दोन वेळा बदलून दिली. मधे एकदा त्याने मान वर न करता विचारलं, "अक्का, त्या मडक्यातला भात येतो कुठून?"

"पुढे आहे."

रु.चा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेला आहे. दोनदा वाजला, प्रकाशक बाईंचा असावा. तिने लांबूनच पाहिलं, उचलला नाही.

आत्ता वें.ने हाक मारली. लाल पेन मागतोय.

पेन्सिल दिली.